काखेत बटण

२५ जानेवारी २००५. म्हसा.

जत्रेत घोंगडी घ्यायला आलो होतो. घोंगडी घेतली नाही. त्याहून मोठी वस्तू घेऊन परत चाललोय. कल्पना.

झालं असं. पाळण्यांच्या बाजूला एक पोरगी हरवली. आई रडतेय, बाप बैलबाजारात हाका मारत फिरतोय. दिवेलागण झालेली. तेवढ्यात गर्दीच्या पायांमधून लाल, लाल, लाल असं काहीतरी टुणटुण येताना दिसलं. पोरीच्या बुटांत दिवे! पाऊल टाकलं की पेटायचे. आईनं झडप घातली. सगळ्यांनी खांबलिंगेश्वराला हात जोडले. मी बुटांना जोडले.

आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. शाळेत गेलो चौथीपर्यंत, बाकीचं सगळं शॉक खाऊन शिकलो. आता रेडिओ कोणी आणत नाही. शहापूरच्या दुकानात दिवसभर मी आणि भिंतीवरची पाल. देवानं आपल्याला कशासाठी राखून ठेवलंय ते कळत नव्हतं. आज कळलं. कपड्यांत दिवे.

रात्री, घरी: प्रेमा म्हणाली, घोंगडी कुठाय. बायकोला लांबचं दिसत नाही.

२७ जानेवारी.

संकल्प: दिपालीच्या लग्नात मी प्रकाशवस्त्र घालणार.

मुहूर्त २९ मेचा, गोरज, आपल्याच दारात. मुलगी दिपाली, जावई वाशिंदचा दिपेश. दीप आणि दीप! याला योगायोग म्हणणारा माणूस आंधळा. शिवाय संध्याकाळचं लोडशेडिंग. ऐन मंगलाष्टकांत लाइट जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. अशा वेळी बापानं काय करावं? बापानं उजळावं.

प्रेमाला इतक्यात काही सांगायचं नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर: सांगितलं. राहवलं नाही. ती म्हणाली, "आदी मांडवाचे वासे तोडून आना." आणणार आहे. वासे कुठे पळून जात नाहीत.

६ फेब्रुवारी.

ट्रायल पहिली. टोपी. टॉर्चचे बल्ब आतून कडेनं लावले, वर पांढरी टोपी. आरशात पाहिलं. साक्षात तेजोवलय. पाहत राहिलो. जरा जास्तच पाहत राहिलो.

प्रेमा चुलीकडून ओरडली, "कोंबडी कोनी भाजायला घेतली?"

मागच्या बाजूचे केस गेले. तसेही जाणारच होते. टोपीचा दोष नाही, बल्ब तापतात. तापत नाही असा दिवा हवा. तो मुंबईत मिळतो.

१९ फेब्रुवारी.

मुंबईला जाऊन एलईडी आणल्या. डाळीच्या दाण्याएवढा दिवा. तापत नाही, वीज चिमणीएवढी खाते, वर्षानुवर्षं टिकते. एलईडी म्हणायला जीभ अडखळते म्हणून मी सुटसुटीत "लेडी" म्हणतो.

येताना आटगावला चहाच्या टपरीवर चार माणसांना सविस्तर माहिती दिली. सगळे चहा विसरून ऐकत होते. विज्ञानाची गोडी आपल्या लोकांना आहे. सांगणारा पाहिजे.

२ मार्च.

आज दुकानात साक्षात विहीणबाई! भागीरथीबाई, दिपेशची आई. सोबत तिचा भाऊ. आधी कळवलं नव्हतं. बसल्या, पण खुर्चीच्या काठावर.

म्हणाल्या, "ऐकलं ते खरं का? तुमी मुंबईवरून लेडी आनता म्हनं."

म्हटलं, बातमी वाशिंदपर्यंत गेली! मी म्हणालो, हो. पन्नास आणल्या, अजून पन्नास आणायच्यात. लाल आहेत, पिवळ्या आहेत, गोऱ्यापान पण आहेत. गोऱ्या जरा महाग पडतात.

त्यांचा भाऊ उठून दारात जाऊन उभा राहिला. बाईंनी विचारलं, घरात म्हाईत हाय? मी म्हणालो, प्रेमा पहिल्यांदा चिडली होती, आता सवय झाली. लग्नात सगळ्या अंगाला लावून मिरवणार आहे. मागच्या खोलीत आहेत, एक चालू करून दाखवू का?

चहा अर्धा टाकून निघाल्या. भारावलेलं माणूस असंच वागतं. जाताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

३ मार्च.

थोडा गैरसमज झाला.

सकाळी वाशिंदहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप: सोयरीक मोडली समजा. प्रेमा कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसली. दिपालीनं माझ्याकडून सगळं शब्दाला शब्द वदवून घेतलं. मग एक लेडी आणि दोन सेल पदराला बांधून एकटी वाशिंदला गेली. बालवाडीत शिकवते, त्यामुळे समजावण्याची सवय आहे. विहीणबाईंच्या पुढ्यात दिवा पेटवून दाखवला. दिपेश म्हणे हसता हसता ओट्यावरून खाली पडला. सोयरीक जुळली. म्हणजे मोडलीच नव्हती.

संध्याकाळी दिपाली परत आली. भात वाढला. मग शेजारी बसून म्हणाली, "बाबा, माझं एकच मागनं हाय. कन्यादान तुमच्या हातून व्हायला पायजे. साधा पांढरा शर्ट, टोपी, आनि तुमी माझ्या बाजूला. सगळे तुमच्याकडं नाय, माझ्याकडं बघतील असं. देता का शब्द?"

दिला. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. बाप आहे मी, दगड नाही.

साधा पांढरा शर्ट. शब्द म्हणजे शब्द.

शर्टाच्या आत काय असावं याबद्दल ती काही बोलली नाही.

२१ मार्च.

लाल लेडींची ट्रायल, बंडीवर. अंगात बंडी घालून आटगाव फाट्याला हायवेच्या कडेला उभा राहिलो. लांबून कशी दिसते ते कळावं म्हणून.

लांबून फार छान दिसत असावी. एकेक ट्रक आपोआप थांबायला लागला. ड्रायव्हर उतरायचे, सलाम करायचे, लायसन आणि गाडीचे कागद माझ्या हातात द्यायचे. मीही वाचून परत करत होतो. एकाचा इन्शुरन्स संपला होता, त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. नाशिकपासून येणाऱ्या माणसांनी इतका मान द्यावा!

नंतर खरे पोलीस आले. त्यांनीही आपुलकीनं चौकशी केली. कुठे राहता, घरी कोण कोण, औषध काही चालू आहे का. जीपमधून घरापर्यंत सोडलं. प्रेमाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होते.

लाल रंग रद्द. फक्त पांढरा.

९ एप्रिल. पाडवा.

मुहूर्त साधून चांगो शिंप्याकडे कापड टाकलं. चांगोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात अजून सरळ चालतो. बोटांनी बघतो. मला आवाजावरून ओळखतो, दुसऱ्या कोणाला तेवढंही नाही.

शर्टाची रचना माझी. बाहेरून साधा पांढरा. आत अस्तर, अस्तरात लेडी, सगळ्या पांढऱ्या. पुढे गुंड्या नाहीत, कारण पुढून उघडला तर वायरिंग तुटतं. मान घालून चढवायचा आणि पाठीमागून टाके घालून घ्यायचे. चांगो म्हणाला, "आन काढायचा कसा?" मी म्हणालो, कात्रीनं. हा काय रोज घालायचा शर्ट आहे?

बटणाचा प्रश्न उरलाय. खिशात ठेवलं तर हात घालावा लागतो, दिपाली बघेल. रात्रभर विचार करणार.

१० एप्रिल.

सुचलं. काखेत! दंड अंगाला दाबला की दिवे चालू, पुन्हा दाबला की बंद. कोणाला कळणारसुद्धा नाही. आपल्याकडे म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा. लोकांनी म्हणीचा अर्थ इतकी वर्षं चुकीचा लावला. काखेतल्या वस्तूचा वळसा नसतो, उपयोग असतो.

दिपालीला दिलेला शब्द आहेच. बटण दाबणार नाही. फक्त असेल. विहिरीत दोर असतो, म्हणून कोणी रोज उडी मारत नाही.

२४ एप्रिल. हनुमान जयंती.

नवा शर्ट घालून मारुतीच्या देवळात गेलो. बॅटरी लेंग्यात, नाडीच्या आत, पोटाला बांधलेली. दिसत नाही. फक्त चालताना लेंगा खाली येतो आणि दर दहा पावलांनी वर घ्यावा लागतो. लोकांना वाटलं, पोट बिघडलंय.

एक बारकावा लक्षात आला नव्हता. हात जोडले की काखा दाबल्या जातात. मारुतीसमोर हात जोडले आणि मी पेटलो. हात सोडले, पुन्हा जोडले, विझलो. मग धोंडूबाई बोलली. धोंडूबाई म्हणजे आमच्या पंचक्रोशीची धवलारीण. लग्नात धवळे तीच गाते, त्यामुळे तिच्यापुढे भटजींचंही चालत नाही.

म्हणाली, "कुंडलिका, देव गाभाऱ्यात आन उजेड तुझ्या पोटात? कुठं निवद दाखवू रे?"

सगळे हसले. प्रेमानं हसणं नेसूच्या पदरात लपवलं. मला दिसलं.

दिपालीला कळलं नाही. ती देवळात नव्हती. प्रेमा सांगणार नाही, मी वचन घेतलंय. हल्ली घरात वचनं फार झालीत.

८ मे.

मेव्हणा आला. देवराम, प्रेमाचा भाऊ. वहाळापलीकडे त्याचं घर आणि भेंडीचा मळा. येऊन म्हणाला, "दाजी, तुमी लाइटीची काळजीच करू नका. मुरबाडवरून जनरेटर सांगितलाय. मामाकडून भाचीला."

सगळं घर त्याचं कौतुक करत होतं. मीही केलं. जनरेटर म्हणजे काय, आवाज आणि धूर. पण पोरीचा मामा आहे, हौस करू द्यावी. ऐन वेळी बंद पडला तर माणसानं मनाला लावून घेऊ नये, एवढं मी त्याला आजच समजावून ठेवलं. त्याला ते आवडलं नाही.

भेंडीला अळी लागली म्हणाला. रात्री पाखरं येतात, अंडी घालतात, औषध मारून हात काळे झाले. मी ऐकून घेतलं. शेतीचे प्रश्न ज्याचे त्यालाच सोडवावे लागतात.

१५ मे.

प्रेमानं शर्ट धुतला.

न विचारता. साबण लावून, दगडावर. म्हणे पांढरा शर्ट वळचणीला मळका दिसला. वाळत घातल्यावर बॅटरी जोडून बघितली, तर बटण न दाबता पेटला, अंगणात भर दुपारी. कोंबड्या दोन तास तिकडं फिरकल्या नाहीत.

पण बघा! धुतला, आपटला, तरी चालतो! जगात असा शर्ट दुसरा नसेल. सोल्डरिंग हा हाताचा संस्कार आहे.

(मांडवाचे वासे आणायचे राहिलेत. उद्या.)

१८ मे.

वासे देवरामनं आणून टाकले. मी उद्या जाणारच होतो.

२८ मे. हळद.

घरभर गलका. ढोल, ताशा, बायका. मी शर्ट आजच घालून बघितला. उद्या घाईत फिटिंगचा घोटाळा नको. प्रेमानं पाठीमागून टाके घातले. "एकदाचं शिवून टाकते तुमाला," म्हणाली. कामात होती.

दिपालीची हळद झाल्यावर बायकांची नजर माझ्यावर. "नवरीचा बाप कोरडा कसा?" धोंडूबाईनं इशारा केला आणि सगळ्या तुटून पडल्या. तोंड, मान, हात, आणि हात वर धरून काखेतसुद्धा! वरून तेल. मी ओरडलो, काखेत नको, काखेत नको! त्यांना वाटलं गुदगुल्या होतायत.

शर्ट अजून अंगातच आहे. उसवायला प्रेमाला वेळ नाही. हळद काखेत वाळली. चांगलंच आहे. हळद जंतुनाशक असते, काँटॅक्टला गंज चढणार नाही. वरून उपरणं घेतलं की डाग दिसत नाहीत.

झोपताना पोटावर बॅटरी. गार वाटते. पोरगी उद्या जाणार. नको. या विषयावर लिहायचं नाही.

२९ मे. सकाळ.

सर्व ठीक. दिपालीनं मला पाहिलं. पांढरा शर्ट, टोपी, उपरणं. म्हणाली, "बाबा, किती बरं दिसताय." मग गळ्यात पडली. मी हात लांब धरून उभा राहिलो. तिला कळलं नाही का ते. दंड अंगाला लागला असता तर शब्द मोडला असता.

२९ मे. तिसरा प्रहर.

आभाळ भरलेलं, पण कोरडं. घामाच्या धारा. वाशिंदकर आले. विहीणबाई माझ्यापासून दोन हात लांबून म्हणाल्या, "आज काय नाय ना पेटवनार?" मी हसलो. हात जोडले नाहीत. सकाळपासून सगळ्या पाहुण्यांना लष्करी सलाम करतोय.

३० मे.

काल लिहायला झालं नाही. सगळं क्रमानं लिहून ठेवतो. पुढे लोक काहीबाही सांगतील.

मुहूर्त जवळ आला. नवरानवरी पाटावर. दोन मामांनी मधे अंतरपाट धरला, आमच्या बाजूनं देवराम. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि लाइट गेली. ठरल्याप्रमाणे. देवराम ओरडला, "जनरेटर!" जनरेटर खोकला. पुन्हा खोकला. धूर आला. उजेड आला नाही. कोणीतरी काळोखात म्हणालं, "दाजीनं दृष्ट लावली."

मिट्ट काळोख. चंद्राला यायला वेळ. दोनशे माणसं, पोरं रडतायत, कोणीतरी वरणाच्या पातेल्याला अडखळलं. आणि त्या काळोखात माझी पोर पाटावर उभी. तिचा हुंदका ऐकू आला. मी शब्द आठवला. मग हुंदका पुन्हा ऐकू आला. मी दंड दाबला.

उजेड पडला! मांडवात लख्ख. अंतरपाट दिसला, भटजी दिसले, वरण कुठे सांडलं ते दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुकलो नसेन तर विहीणबाईंनीसुद्धा. दिपाली माझ्याकडे बघत होती. रागावली होती की हसत होती ते कळायच्या आत पहिलं पाखरू आलं.

एक आलं, मग दहा. मग रानातली, मळ्यातली, वहाळाकाठची सगळी पाखरं निघाली असावीत. दुसरा उजेडच नव्हता कुठे. कानात, नाकात, टोपीत. भटजींनी तोंड उघडलं आणि मंगलाष्टकाऐवजी पाखरू आत गेलं. नवरीच्या शालूवर, नवऱ्याच्या बाशिंगावर, अक्षतांच्या ताटात. बायका पदर झाडत पळाल्या.

सगळे ओरडले, बंद करा. मी दंड दाबला. बंद होईना. पुन्हा दाबला, दोन्ही दाबले, पंख फडफडवल्यासारखे दाबत राहिलो. हळद! कालची हळद बटणात घट्ट वाळून बसली होती. चालू तेवढं झालं, मागं येईना. प्रेमा कात्री शोधायला घरात गेली, आणि घरात काळोख. वरून घोंगडी टाकून बघितली. ती देवरामची, म्हशाच्या जत्रेतली. पाखरं खालून आत शिरली, मी आत कोंडलो, घोंगडी फेकली. बॅटरी काढावी तर ती लेंग्यात, नाडीखाली. दोनशे माणसांत उजेडात असलेला मी एकटाच. नाडी कशी सोडणार?

तेव्हा धोंडूबाई पुढे झाली. "हा मानूस हितं उभा ऱ्हायला तं पाखरांचंच लगीन लागल. कुंडलिका, चल, नीघ. जा पल्याड. तुझ्या मागं जातील मुडदे."

आणि तसंच झालं. मी निघालो आणि सगळी पाखरं माझ्यामागे. वऱ्हाडच म्हणायचं. कोरडा वहाळ ओलांडून देवरामच्या भेंडीच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. मांडवात काळोख, पण निवांत. दोन टॉर्च पदराखाली धरून मंगलाष्टकं पुन्हा सुरू झाली. इथपर्यंत ऐकू येत होती. खिशात मूठभर अक्षता होत्या. प्रत्येक "सावधान"ला मी बांधावरून टाकल्या. वाऱ्याची दिशा बरोबर होती. एखादी पोचली असेल.

मग कन्यादान. भटजी म्हणाले, वडील? कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. भटजी म्हणाले, मामा करील. देवराम पुढे झाला, असं प्रेमा सांगते. तो वाईट नाही.

दिपाली म्हणाली, "नाय. माझा बाप हाय की तिथं. पेटलाय, पन हाय."

मला इथून फक्त एवढं दिसलं की काळोखातून काहीतरी येतंय. शालू गुडघ्यापर्यंत उचललेला, पायांत जोडवी, आणि तिच्या मागे दिपेश, भटजी, प्रेमा, धोंडूबाई, हातात तांब्या. पाठीमागे सगळी माणसं. नवरी वहाळातून चालत बापाकडे आली. पाखरांच्या ढगात. बांधावर आल्यावर देवरामनं काय केलं, तो अंतरपाट, अजून त्याच्या खांद्यावरच होता, तो आमच्या डोक्यांवर टाकला. मच्छरदाणीसारखा. आत दिपाली, दिपेश, प्रेमा आणि मी. भटजी बाहेरून मंत्र म्हणत होते.

आत सगळं स्पष्ट दिसत होतं. पोरीचा हात, हळद उतरलेला. त्यावर जावयाचा. त्यावर माझा. प्रेमानं पाण्याची धार धरली. मी म्हणालो, दिपाली, माफ कर गो, बंद होत नाय. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाबा. दिसतंय ना."

त्यानंतर माझ्या डोळ्यात पाखरू गेलं. दोन्ही डोळ्यांत.

पांढरा अंतरपाट, आतून उजेड. बाहेर बांधावर बसलेल्या दोनशे माणसांना आमच्या सावल्या सिनेमासारख्या दिसत होत्या हे मला नंतर कळलं. सगळे सांगतात, कुंडलिक धाय मोकलून रडत होता. सावलीला काय कळतंय पाखरू गेलंय की काय ते!

धोंडूबाईनं तिथेच जुळवून धवळा म्हटला:

बापाच्या अंगात लागलंय चांदनं गो,
लेकीच्या लग्नात पाखरांचं आंदन गो.

आता हा धवळा सगळ्या लग्नांत म्हणणार अशी तिनं धमकी दिलीय.

वरात गेल्यावर प्रेमाला कात्री सापडली. खिडकीत होती. समोरच.

२ जून.

दुकान उघडलं. ऑर्डरींची वाट बघतोय. लग्नाला दोनशे माणसं होती, दोनशे म्हणजे किमान वीस शर्ट. चांगोला कापड आणून ठेवायला सांगावं.

४ जून.

कोणी आलं नाही. पाल आली.

५ जून.

दिपाली आणि दिपेश मांडव परतणीला आले. भागीरथीबाईंचा निरोप होता: इवायांना सांगा, आमच्याकडं येताना विझून या. आपलेपणा वाढतोय.

दिपाली जाताना म्हणाली, "बाबा, फोटोत तुमी कुठंच नाय." फोटोवाल्यानं बांधावरचा एकच काढला, त्यात मधोमध नुसता पांढरा गोळा आहे. तिनं तोच मागून घेतला. म्हणाली, घरात लावते. मी म्हणालो, खाली नाव लिही. नाही तर लोकांना ट्यूबलाइट वाटेल.

७ जून.

पहिली ऑर्डर! मला माहीत होतं.

देवराम आला. आधी चहा घेतला, मग म्हणाला, "दाजी, त्या दिसापासून भेंडीत पाखरंच नाय. सगळी तुमच्या अंगावर मेली. तो शर्ट द्याल का मळ्यात?" मी म्हणालो, आनंदानं. रोज संध्याकाळी उभा राहतो, मेव्हण्यासाठी एवढं करीन. खाली पाण्याची परात ठेवू. त्यानं जरा वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग विचारलं, "आत मानूस पायजेच असं नाय ना?"

तांत्रिकदृष्ट्या नाही.

९ जून. संध्याकाळ.

मळ्यात जाऊन आलो. उलट्या खराट्याला आडवा बांबू, त्यावर माझा शर्ट, वर माझीच टोपी. खाली परातीत पाणी आणि पाण्यात पाखरं. बटण देवरामनं दोऱ्यानं दाबून बांधलंय. चालतंय व्यवस्थित. मला वाटलं होतं त्यापेक्षा ताठ उभं आहे. लेंगा घसरण्याचा प्रश्न त्याला नाही.

मी शेजारी उभा राहून पाहत होतो. तेवढ्यात काठी टेकत चांगो शिंपी बांधावरून आला. उजेडासमोर थांबला. काठी काखेत धरून त्यानं बुजगावण्याला हात जोडले.

"राम राम, कुंडलिकदादा. शर्ट बसला बरं का झकास."

मग बाजूला मी उभा आहे हे त्याला जाणवलं असावं. माझ्याकडे वळून म्हणाला, "आन तुमी कोन?"

आवाज दिला असता तर ओळखलं असतं. पण त्यानं शर्टाची इतकी मनापासून तारीफ केली होती. मी घसा बसल्यासारखा बोललो.

म्हणालो, पावना. मुरबाडवरून आलोय. जनरेटरवाला.